मोफत साखर तपासणी

सारंगखेड्याच्या जत्रेत आमचा तंबू
नेमका निंबा हलवायाच्या कढईला लागून.
जागा कुणी ठरवली, विचारलं,
तर पंचायतीचा शिपाई म्हणाला,
ताई, गिऱ्हाईक तोच पुरवेल तुम्हाला.

दोन टेबलं, एक यंत्र, पट्ट्यांचे सहा डबे
आणि एक फलक: अर्धं ताट भाजी.
ताटाचं चित्र कुठूनतरी लांबून छापून आलेलं,
त्यात ब्रोकोली होती.
"हाई फुलकोबी मांदी पडनी का?"
विचारून एक म्हातारबाबा निघून गेले.
मी पेनाने खाली लिहिलं: वांगं.

पलीकडे घोड्यांचा बाजार.
एक पांढरी घोडी सकाळी भिजवलेला हरभरा खाई, मापाने,
दुपारी कोंडा,
सांजेला गूळ, तोही सुपारीएवढा.
मालक सगळं वहीत टिपून ठेवी
आणि टिपता टिपता
मिरचीभज्यांची तिसरी प्लेट संपवी.
त्याचा आकडा सांगितला तर म्हणाला,
घोडी तर ठणठणीत आहे ना?

दुपारी धडगावकडून सेगीबाई पावरा आली,
रात्रभर जीपमध्ये उभी राहून.
साखर ब्याऐंशी. हिमोग्लोबिन सात.
मी सवयीने सुरू केलं,
गोड कमी, तळलेलं कमी...
नातू पावरीत सांगत गेला, ती ऐकत गेली.
मग तोच मला म्हणाला,
आजी विचारते, कशापेक्षा कमी?
तिच्या मांडीवर वर्षाची गोडी शेव होती,
दोन किलो, वर्तमानपत्रात,
तेलाने बातम्या आरपार दिसत होत्या.
घरी सात पोरं.
मी लोहाच्या गोळ्या दिल्या
आणि ती दिसेनाशी होईपर्यंत
फलक भिंतीकडे तोंड करून ठेवला.

दिवे लागले. तापीवरून गारठा आला.
कढई उतरवून निंबा स्वतःच आला,
नावात कडूनिंब आणि कोपरापर्यंत पाक.
बोट पुढे केलं.
यंत्र म्हणालं, पाचशे चाळीस.
मी घाबरले, मग त्याचे हात पाहिले.
साबणाने धुवायला लावले, दोनदा,
नखांच्या आतूनसुद्धा.
बोटावरचं गोड आणि रक्तातलं गोड
यंत्राला वेगळं कळत नाही.
पुन्हा टोचलं. तीनशे बारा.
"कितली शे?"
"तीनशे बारा."
"मनी जिलबीपेक्षा महाग शे," तो म्हणाला
आणि आपणच हसला, मग हसायचा थांबला.

जिलबी खाता का, मी विचारलं.
खात नाही, चाखतो.
प्रत्येक घाण्याचा एक वेढा.
न चाखता लोकांना कसं घालू?
दिवसाचे घाणे किती, मी विचारलं नाही.
मुलाला चाखू द्या, म्हटलं.
त्याने तंबूबाहेर पाहिलं,
मुलगा एका हाताने झारा धरून
दुसऱ्या हाताने मोबाईल बघत होता.
"त्याले गोड समजतंच नही," निंबा म्हणाला,
दुसऱ्या कुणाच्या आजाराबद्दल बोलावं तसं.

मी डबा उघडला. कळण्याची भाकरी, मेथी,
ठेच्याचा गोळा. अर्धी भाकरी त्याला दिली.
बाकावर बसून खाल्ली त्याने, हळू,
प्रत्येक घास पारखत.
मीठ कमी शे, म्हणाला.
मुद्दाम, मी म्हटलं.
वरीसमा एकदाव येस जत्रा, बहीण,
म्हणून तो उठला. गोळ्यांची चिठ्ठी
टोपीत खोचली की खिशात, दिसलं नाही.

थोड्या वेळाने एक द्रोण आला,
चार जिलब्या, गरम, वर कागद.
दोन सोबतच्या मावशींनी घेतल्या,
त्यांची साखर मला माहीत होती, मी बघितलं नाही.
उरलेल्या दोन मी उभ्यानेच खाल्ल्या,
फलकाकडे पाठ करून.
पाळण्यातल्या पोरी वर गेल्यावर किंचाळत होत्या,
खाली आल्यावर पुन्हा वर जायचं म्हणत होत्या.

सकाळी पहिला माणूस बोट पुढे करून बसला,
रांग पार कढईपर्यंत.
पट्टी काढायला गेले
तर ती माझ्याच बोटांना चिकटली.
थांबा जरा, म्हटलं,
आधी माझे हात धुऊन येते.